बेंजोवाल्याचा आहेर

त्या उन्हाळ्यात धुळ्यामध्ये 'केयीना बागमा उना पाव्हना', म्हणजे 'केळीच्या बागेत आला पाहुणा', हे गाणं ऐकल्याशिवाय माणसाला साधं पानही खाता येत नव्हतं. रसवंतीवाला तेच लावायचा, सायकलचं पंक्चर काढणारा तेच लावायचा, आणि टेम्पोवाल्यांचं तर विचारूच नका. पाचकंदिलाजवळच्या पानाच्या टपरीवर कॅसेटचं कव्हर काचेला आतून चिकटवलेलं होतं. त्यावर गिरधर शेठ होते. सोनेरी गोंड्यांचा पांढरा कोट, डोक्याला फेटा, मांडीवर बेंजो, आणि चेहरा असा की जणू आत्ताच सरस्वती कानात काही सांगून गेली आहे. वर ठळक अक्षरांत 'गिरधर आणि पार्टी'. खाली बारीक अक्षरांत 'गीत, संगीत, गायन : गिरधर शेठ'.

टपरीवाला चुना लावता लावता म्हणाला, "काय गया शे शेठना! आन बेंजो तर असा वाजाडेल शे, बोटं धरी चुमाले पाह्यजेत."

समोर उभ्या असलेल्या वनाने आपली बोटं खिशात घातली. पान न घेताच तो निघाला.

कारण ती बोटं त्याची होती. चाल त्याची होती. शब्द नथ्थूचे होते आणि गळाही नथ्थूचाच. शेठच्या बँडमध्ये वना बेंजो वाजवायचा, नथ्थू ढोलकी वाजवायचा आणि गायचा. गिरधर शेठना गणपतीची आरतीसुद्धा धड म्हणता येत नसे. टाळ्यांच्या आड ते नुसते ओठ हलवत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि बेंजो? बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. त्याला वायर जोडून भोंग्यावर सोडलं की अख्खी वरात नाचते. शेठनी त्याचं एक बटणही कधी दाबलं नव्हतं, त्या फोटोपुरतं सोडून.

चाल जन्माला आली ती रावेरला. लग्नसराई संपली की वना केळीच्या वखारीवर ट्रक भरायला जायचा. माणसं ओळीने उभी राहतात, घड या हातातून त्या हातात जातो, आणि ट्रकवरचा माणूस तो उचलून रचेपर्यंत सगळे क्षणभर थबकतात. पुन्हा घड, पुन्हा हात, पुन्हा थबक. हे अंगात भिनलं आणि एक दिवस बेंजोवर उतरलं. चाल धावत यायची आणि एका जागी अचानक उभी राहायची. नाचणारेही हात वर करून तसेच उभे. मग नथ्थूची ढोलकी थाप द्यायची आणि सगळे पुन्हा सुटायचे. ती थबक नसती तर गाणं इतर दहा गाण्यांसारखंच झालं असतं. लोक वेडे झाले ते त्या थबकेपायी.

मग गाणं शेठच्या नावावर कसं गेलं? इथेच तर खरी मेख आहे. बँडच्या धंद्यात माणसाला नाव नसतं. नाव असतं मालकाचं. गाड्यावर त्याचं, ढोलावर त्याचं, वर्दीच्या पाठीवर त्याचं. बाकीचे बेंजोवाला, ढोलकीवाला, खुळखुळेवाला. कोणी विचारलं, 'कोण वाजवतंय?' तर मालकाचं नाव सांगायचं, ही रीत. मालकापुढे स्वतःचं नाव घेणारा माजलेला समजला जातो. जळगावला रेकॉर्डिंगसाठी गेले तेव्हा तिथल्या माणसाने काचेपलीकडून सरळ विचारलं होतं, "चाल कुणाची आहे? लिहायचं आहे." वनाच्या मनात आलं, सांगावं. पण शेठ खुर्चीत बसलेले. अंगावर शेठची वर्दी. आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघालं, "शेठनी पार्टीनी शे, साहेब."

शेठ नुसते हसले. साहेबाने लिहून घेतलं.

वनाने ते भिडेपोटी म्हटलं होतं. पाहुणा जेवताना 'पुरे' म्हणतो, तेव्हा यजमानाने आग्रह करायचा असतो. तसं शेठ म्हणतील, 'अरे, चाल याची आहे, याचं नाव टाका,' असं त्याला वाटलं होतं. शेठना आग्रह करायचा नव्हता. त्यांनी ताट उचलूनच नेलं.

कॅसेट चालली, आणि कंपनी प्रत्येक कॅसेटमागे शेठना पैसे देऊ लागली. शेठच्या घरावर माडी चढली. बँडवाल्यांना त्या सालची जी मजुरी मिळायची तीच मिळाली, आणि वर एकेक टॉवेल.

वना आणि नथ्थू शेठकडे गेले. नवी रंग दिलेली माडी, खाली गादीवर शेठ.

"शेठ, दुसरी खेप निंघनार शे असं ऐकं," वना म्हणाला. "तिन्हावर आम्हना नावे टाका. पैसानं तुम्ही दखा. पन नाव टाका."

"बँडमा नाव कोनं ऱ्हास रे वन्या?" शेठ शांतपणे म्हणाले. "गाडा मना, वर्दी मनी, भोंगा मना. तू वाजाडस तो बेंजोबी मनाच शे."

"बेंजो तुमना शे. चाल मनी शे."

"तूच सांगं ना जयगावले? शेठनी पार्टीनी शे म्हनीसन? मी सांगं का तुले?"

वनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगुलपणाने बोललेला शब्द या माणसाने सावकारी कागदासारखा जपून ठेवला होता! नथ्थू पुढे सरकला, पण वनाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. काम सोडलं तर दुसरा मालक कोण ठेवून घेणार? सगळे मालक एका पंगतीत बसणारे. आणि बेंजो खरोखरच शेठचा होता.

त्याच सराईत शिंदखेड्याला एका वरातीत वनाने आपल्याच चालीत ती थबक जराशी लांबवली. चाल त्याची, त्याला हवं तसं तो करणार. तर नवरदेवाचा एक मित्र घामेघूम होऊन अंगावर आला, "ए बेंजोवाला! कॅसेटसारखं वाजाड ना! गिरधर शेठ कसा वाजाडस, ऐक जराखा!"

नथ्थू म्हणाला, "वनाभाऊ, आते हद व्हई गयी."

झालीच होती. माणसाच्या पोटावर पाय दिला तर तो दुसरीकडे राबतो. पण त्याच्या हातातली गोष्ट काढून घेऊन वर कोणी त्यालाच ती शिकवायला लागलं, तर त्याने काय करायचं?

वैशाखात शेठच्या मुलीचं, प्रमिलाचं लग्न आलं. मांडव एवढा की समोरची गल्ली त्यात बुडाली. बँड अर्थातच घरचा, म्हणजे फुकट. दिवसभर 'केयीना बागमा' किती वेळा झालं कोण जाणे. व्याही रावेरकडचे केळीवाले, तेही नाचले. शेठ मिशीवर हात फिरवत व्याह्यांना सांगत होते, "आपलीच चाल शे ही."

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि नवरा-नवरी आहेरासाठी चौरंगावर बसली. आहेर पुकारायला माईकवर रुपचंद आबा होते. धुळ्यातलं कुठलंही लग्न त्यांच्या आवाजाशिवाय पुरं होत नसे. कोणी साडी देवो, पातेलं देवो की नुसता नारळ, देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं भोंग्यावर घ्यायचंच. गरिबाचा आहेर त्यांनी कधी हळू आवाजात पुकारला नाही. एकदा एका आमदाराचा आणि एका गुराख्याचा आहेर पाठोपाठ आला, तर दोघांनाही त्यांनी एकाच चढ्या आवाजात घेतलं होतं. पुकारलेला आहेर घ्यायचा. परत केला तर तो देणाऱ्याच्या तोंडावर फेकल्यासारखा, आणि मग दोन घरांचा रोटीव्यवहार बंद.

बँडवाले मांडवाच्या कडेला बसले होते. वना उठला. त्याने बेंजो खाली ठेवला आणि रिकाम्या हातांनी चौरंगाकडे गेला.

"बोल भाऊ, काय शे आहेर?" आबांनी माईकवर हात ठेवून विचारलं.

"'केयीना बागमा'नी चाल शे, आबा. मनी शे. पोरले देस."

आबांनी माईकवरचा हात आणखी घट्ट दाबला. "चाल? चाल आहेरमा देतस का रे?"

"ज्यानं जे ऱ्हास ते तो देस. माले देवाले दुसरं काय शे? शब्द नथ्थूना शेतस, त्यानंबी नाव घ्या. तुम्ही आजलगून कोना आहेर गाया का?"

आबांनी कोणाचाच आहेर गाळला नव्हता. त्यांनी एकदा शेठच्या माडीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि माईकवरचा हात काढला.

"धुळ्याचे वना सुपडू अहिरे आणि नथ्थू कौतिक बोरसे यांच्याकडून, नवरीस आहेर! 'केयीना बागमा उना पाव्हना' या गाण्याची चाल आणि शब्द!"

भोंगे चार दिशांना होते. वाढपी हातात बादल्या घेऊन थांबले. मुलांना पदराखाली झोपवणाऱ्या बाया उठून बसल्या. नाव असं पूर्ण, बापासकट, वनाने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकलं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.

शेठ धावत आले. उपरणं खांद्यावरून घसरलेलं. पण तोंडावर हसू आणून त्यांनी लगेच डाव साधला. "देनात ना? बरं झायं! आते तर मना घरमाच उनी चाल. माईक बंद करा, आबा."

पण व्याही पुढे आले. साधा माणूस, ऐकलं ते त्याने सरळ विचारलं. "शेठ, सकाळपासून तुम्ही म्हनतस, आपलीच चाल शे. मंग हाई मानूस तुम्हनीच वस्तू तुम्हले आहेरमा कशी देस?"

शेठचं हसू गालावरच सुकलं. आहेर परत करावा, तर मुलीच्या मांडवात, व्याह्यांच्या देखत अपशकुन. घ्यावा, तर घेतला त्याच क्षणी कबूल झालं की चाल वनाची होती. आजवर त्यांनी कितीतरी माणसांना असं कोपऱ्यात उभं केलं होतं. तिथे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"शेठ," आबांनी माईकवरच विचारलं, "आहेर घ्यायचा की परत करायचा?"

त्यांच्या उत्तराची वाट न पाहता प्रमिला चौरंगावरून उठली. साडी, पातेलं देणाऱ्या प्रत्येकाच्या पाया पडली होती, तशीच ती वनाच्या आणि मग नथ्थूच्या पाया पडली. नवरदेवालाही तिने खांद्याला धरून वाकवलं. "घेतला, आबा," ती म्हणाली, "पुढचं नाव घ्या."

शेठनी मान खाली घातली. व्याही, गल्ली, पाहुणे, सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

वना दोन पावलं त्यांच्याजवळ गेला. आवाज चढवायची गरजच नव्हती, माईक समोर होता.

"शेठ, आहेर फेडना पडस. मनी पोरनं लगीन पुढला साल शे. जेवढा लिधा तेवढाच लई या, कमी नको." घेतला तेवढा घेऊन यायचा, ही रीत सगळ्या मांडवाला ठाऊक होती. "पन चालना बदलामा चालच लई या. अन तुम्ही बनाडेल लई या."