मूळ कोणाचे

दर शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास विनोदिनी दोन डबे भरायची. प्रत्येक डब्यात दहा फ्लॉपी. एक डबा सांगलीच्या स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात जायचा, दुसरा एसटीच्या पार्सलने साताऱ्याला, मालकांच्या पुतण्याच्या दुकानात; तिथला आधीचा डबा रिकामा होऊन परत येई. पहिल्याच वर्षी हार्ड डिस्क बंद पडली होती आणि आठ महिन्यांचं काम एका सकाळी नाहीसं झालं होतं. तेव्हापासूनचा हा नेम एकदाही चुकला नव्हता.

फ्लॉपींवर फोटो नसत. जागा पुरत नसे, म्हणून फोटो छापून झाले की पुसले जात. राहायचे ते ठसे. फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरबरोबर जे ब्रश आले होते ते या कामाला उपयोगाचे नव्हते. विनोदिनीने स्वतःचे बनवून त्याला जोडले होते. फेटे, कोटाच्या कॉलरी, मंगळसूत्राच्या वाट्या, कॅमेऱ्यातून फोटोच्या कोपऱ्यात उमटतात तसे तारखेचे नारिंगी आकडे. एकदा ठसा तयार झाला की तो कुणाच्याही फोटोवर उमटवता यायचा. सगळ्यात जास्त ठसे डोळ्यांचे होते. वाड्यावस्त्यांवर जन्मात एकदाही फोटो न काढलेली माणसं असत. ती गेली की घाईघाईने फोटोवाला बोलावला जाई, देह खुर्चीत बसवून फोटो घेतला जाई आणि मग तो सांगलीला डोळे उघडायला येई. विनोदिनीकडे डोळ्यांच्या अडतीस जोड्या होत्या.

सगळ्यांची नोंद एका लांब वहीत होती. क्रमांक, वर्णन, कोणती फ्लॉपी, साताऱ्याला कधी गेली, आणि शेवटचा रकाना, ‘मूळ कोणाचे’. स्टुडिओचे मालक चिंतामणराव त्या रकान्याला हसायचे.

“विनोदिनीबाई, डोळ्यांचा सातबारा काढलाय तुम्ही!”

“उद्या कुणी विचारलं तर सांगता यायला नको का, काका?” ती म्हणायची.

विचारणारं माणूस आलं ते १९९८च्या जूनमध्ये, एका गुरुवारी.

तिचं नाव मंगल. कुंडलला दिलेली, माहेर आष्ट्याजवळच्या एका वाडीतलं. तिने पिशवीतून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला आणि काउंटरवर उलटा ठेवला. मागे स्टुडिओचा शिक्का होता.

“ह्यो तुमच्याकडनंच आलाय न्हवं?”

विनोदिनीने फोटो सरळ केला. कडुनिंबाखाली खुर्चीत बसलेला म्हातारा, लाल फेटा, मांडीवर कागद, नजर थेट समोर. कोपऱ्यात तारीख, १२ फेब्रुवारी ९८.

तिला काम आठवलं. लालासाहेब नावाचे गृहस्थ स्वतः जीप घेऊन आले होते. पांढरीफेक कपडे, हळू आवाज. “चुलत्याचा फोटो हाय, नाथाजी त्येंचं नाव,” ते म्हणाले होते. “तेवढं डोळं उघडा. आनि खाली बारा फेब्रुवारी टाका. गेलं त्येच्या आदल्या दिसाची तारीख. आठवन ऱ्हाईल.” विनोदिनीने चौदा नंबरचे डोळे काढले, बसवले, आकडे उमटवले. अर्ध्या तासाचं काम.

“वडील कधी गेले तुमचे?” तिने विचारलं.

“नऊ तारकंला, पहाटं. दुपारी अग्नी दिला, मी हुती तितं. मरनाच्या दाखल्यावर तेरा घातलीया. आनि बाराला म्हनं त्येंनी सगळं रान लालासायबाच्या नावावर केलं. चांगलं शुद्धीत हुतं म्हनं, ह्यो बगा फोटो! मी कचेरीत हरकत घेतलीया, तर तितंबी ह्योच दावत्यात.”

“गावातलं कुणी बोलत नाही?”

“लालासायबाच्या फुडं?” मंगल हसली. “ताई, तुमी सांगलीच्या, म्हनून इचारताय.” मग तिने फोटोवर बोट ठेवलं. “आनि ह्ये डोळं माझ्या बाचं न्हाईत. डाव्या डोळ्यात फूल हुतं त्येच्या. तांदळाच्या दाण्याएवढं, पांढरं. ल्हानपनी बाभळीचा काटा लागल्याला.”

डोळे उघडायचे म्हणजे दोन्ही उघडायचे आणि चांगले उघडायचे, ही स्टुडिओची रीत होती. मेलेल्या माणसाचं व्यंग कुणी मागत नसे आणि ती विचारतही नसे.

“त्यांचा जिवंतपणीचा एखादा फोटो?”

“कुटला आलाय!”

विनोदिनीने फोटो स्कॅन केला, डोळ्यांपाशी मोठा केला आणि त्यावर चौदा नंबरचा ठसा ठेवला. पापणीच्या केसाला केस जुळला. दोन्ही बाहुल्यांत एक पांढरा चौकोन होता आणि त्यात दोन काळ्या उभ्या रेघा. उजेडाची खिडकी, दोन गजांची. नाथाजी तर उघड्यावर, झाडाखाली बसले होते.

ती खिडकी विनोदिनीच्या माहेरची होती. वाईच्या घरात तिचे वडील, अप्पा, त्या खिडकीशी बसून पेपर वाचत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिने त्यांचा फोटो काढला होता आणि म्हाताऱ्या माणसाचे डोळे हवेत म्हणून त्याच फोटोवरून ठसा केला होता.

“हे माझ्या वडिलांचे डोळे आहेत,” ती म्हणाली. “मीच बसवलेत. हे दाखवता येईल.”

“कचेरीत?”

“हो. सुनावणी कधी आहे?”

“सोमवारी. आमच्याकडं दुसरं कायबी न्हाई, ताई. तुमी येताल?”

“येते. ठसा घेऊन येते, वहीपण आणते.”

मंगलने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या तोंडचा शब्द ती पारखून घेत होती. मग फोटो पदराने पुसून तिने पिशवीत ठेवला आणि ती गेली. चिंतामणराव आतल्या खोलीच्या दारात उभे होते.

शुक्रवारी दुपारी समोरच्या पानपट्टीजवळ एक जीप दोन तास उभी होती. कुणी उतरलं नाही.

शनिवारी सकाळी विनोदिनीने मशीन सुरू केलं तेव्हा ठशांचं फोल्डर रिकामं होतं. कपाटात डबा नव्हता. वहीच्या जागी धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

“मला मुलंबाळं आहेत,” चिंतामणराव म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. “रात्री लालासाहेबांची माणसं आली. किल्ल्या मागितल्या, दिल्या. साताऱ्याच्या डब्याबद्दल मी मात्र अवाक्षर काढलं नाही. देवाशपथ.”

“वहीत आहे ते, काका. प्रत्येक शनिवारची तारीख आहे.”

ती तशीच उठली आणि साताऱ्याच्या गाडीत बसली. कराड येईपर्यंत तिच्या डोक्यात फक्त डबा होता. त्यांच्याआधी पोचायला हवं. डबा मिळाला की सोमवार हातात आला. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, खिडकीशी कुणीतरी काकड्या विकायला आला आणि तिला वहीतली ती ओळ जशीच्या तशी आठवली. चौदा. म्हातारा पुरुष, स्वच्छ. फ्लॉपी तीन. मूळ कोणाचे: अप्पा, मधली आळी, वाई.

साताऱ्याच्या दुकानात मुकुलने, चिंतामणरावांच्या पुतण्याने, डबा लगेच काढून दिला. कुणी आलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. विनोदिनीला हायसं वाटलं नाही. कुणी का आलं नव्हतं, हे तिला कळलं होतं.

“आणि ताई, तुझ्या वडिलांचा दोनदा फोन आला होता. पोचलीस की कर म्हणाले.”

ती साताऱ्याला येणार हे अप्पांना ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. तिने नंबर फिरवला.

“अगं विनू!” अप्पा एकदम खुशीत होते. “तुझे सांगलीचे लोक आलेत. माझे डोळे म्हणे थेट आष्ट्यापर्यंत पोचले! कधी बोलली नाहीस ती. आणि शिराळ्याला नेत्रशिबिर आहे, जीपने नेतो म्हणतायत. मोतीबिंदू काढून टाकू म्हणतात. जाऊ ना?”

“नको. अप्पा, मी येईपर्यंत घरातून हलू नका.”

“थांब, यांना बोलायचंय.”

रिसीव्हर हलल्याचा आवाज आला.

“बाई,” लालासाहेब म्हणाले, “तुमची वही लय झ्याक हाय. समदं जितल्या तितं. आमच्या तलाठ्याला शिकवायला पायजे तुमी.” मागे कपबशा वाजत होत्या. “तुमी डबा घिऊन या सावकाश. आमी बसलोय हितंच. पवं खातोय.”

तिने फोन ठेवला. मुकुलने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ताई, मशीनवर कॉपी करून ठेवू? दहा मिनिटांचं काम.”

जिने चार वर्षांत दुसरी प्रत केल्याशिवाय काम संपवलं नव्हतं तिने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. प्रत राहिली तर तिचा उपयोग करायला आपण सोमवारी कचेरीत जाऊच, हे तिला ठाऊक होतं. आणि अप्पांची दुसरी प्रत कुठल्याच कपाटात नव्हती.

“नको,” ती म्हणाली.

वाईला ती चारच्या आत पोचली. अप्पा खिडकीशी नेहमीच्या जागी होते. लालासाहेब शेजारी, मांडीवर वही उघडी. आणखी एक माणूस दाराशी उकिडवा बसला होता, तो तिला वाट द्यायला उठला आणि ती आत गेल्यावर पुन्हा तिथंच बसला.

लालासाहेबांनी डबा घेतला. फ्लॉपी बाहेर काढून वहीशी एकेक ताडून पाहिली. दहाच्या दहा भरल्या. मग त्यांनी वही तिच्यापुढे धरली आणि खिशातलं पेन काढून दिलं.

“डबा घावला. आता ह्या वळीचं काय करायचं, तुमीच सांगा.”

“कसली ओळ गं?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही, अप्पा. खराब झालेल्या फाइलवर काट मारायची राहिली होती.”

तिने पट्टी मागितली. अप्पांनी टेबलाच्या खणातून शाळेतली जुनी लाकडी पट्टी काढून दिली. विनोदिनीने चौदाव्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘रद्द’.

“झ्याक,” लालासाहेब म्हणाले. वही त्यांनी काखेत घेतली. जाताना अप्पांच्या पाया पडले. “शिबिराचं ध्यानात हाय, गुरुजी. कवाबी म्हना, गाडी धाडतो.”

सोमवारी विनोदिनी कामावर होती. अकरा वाजता तिने घड्याळाकडे पाहिलं, मग बाराला, मग पुन्हा पाहिलं नाही.

बुधवारी मंगल आली. निकाल काय लागला हे तिने सांगितलं नाही. सोमवारी ती किती वेळ कचेरीच्या पायरीवर वाट बघत बसली होती हेही नाही. तिने तोच फोटो पुन्हा काउंटरवर ठेवला.

“घरात लावायचाय,” ती म्हणाली. “माझ्या बाचं डोळं घालून द्या. त्येवढं तरी द्याल का?”

विनोदिनीकडे आता एकही ठसा उरला नव्हता. तिने मंगलला शेजारी बसवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत हाताने काम सुरू केलं. भुवईखालची घडी मंगलचीच होती. कोपरा जरा खाली उतरलेला. बाहुल्यांत तिने खिडकी ठेवली नाही, कडुनिंबाची सावली ठेवली. शेवटी डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका.

“हं आसं. जरा वर घ्या,” मंगल म्हणाली. “आजून एक थोडं. बास. बास, ताई.”

तिने पदर तोंडाशी धरला. फोटो छापून होईपर्यंत ती उभीच होती. घडी पडू नये म्हणून तिने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून घेतला.

ती गेल्यावर विनोदिनीने त्या डोळ्यांचा ठसा केला आणि एका कोऱ्या फ्लॉपीवर उतरवला. कपाटातून नवी वही काढली, रकाने आखले. क्रमांक एक. म्हातारा पुरुष, डाव्या डोळ्यात फूल. फ्लॉपी एक. साताऱ्याच्या रकान्यात तिने फुली मारली.

पानपट्टीजवळ जीप येऊन थांबली. इंजिन चालूच होतं.

‘मूळ कोणाचे’ या रकान्यावर तिचं पेन थोडा वेळ तसंच राहिलं. मग तिने टोपण लावलं, रकाना कोरा ठेवला आणि वही मिटली. बाहेर जीपचं दार उघडल्याचा आवाज झाला तेव्हा ती फ्लॉपी कुठं ठेवावी हे शोधत होती, आणि तिला जागा सापडत नव्हती.