नेत्राच्या दाढा आणि माझी कवळी

माझ्या बायकोच्या, वनमालेच्या वर्षश्राद्धाला वडा खाताना आमच्या नेत्राचा पुढचा दात मोडला. पोर तीन वर्षांची. रडली नाही. तुकडा तळहातावर ठेवून पाहुण्यांना दाखवत फिरली.

"दुधाचो दात तो, पडतलोच," माझी बहीण पुतळाबाई म्हणाली.

"पडला नाही गं आत्ये, किडून तुटलाय," माझी मुलगी मानसी म्हणाली. नेत्रा तिचीच. वाकून बघितलं तर वरचे पुढचे सगळे दात तपकिरी.

मरोळच्या दातांच्या डॉक्टर श्रुतिकांनी विचारलं, "दुपारी काय पिऊन झोपते?"

"बाटलीतून साखर घातलेलं दूध. आजी द्यायची, आता मी देतो."

"ते झोपेत दातांवर साचतं, आजोबा. बाटली बंद करा. सकाळी आणि झोपताना ब्रश तुम्हीच करायचा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दाढा अजून वाचतील. त्या किडल्या तर भूल देऊन काढाव्या लागतील."

भूल म्हटल्यावर मी त्याच दिवशी बाटली बंद करून ब्रश हातात घेतला. वनमालेला ऑपरेशनसाठी भूल दिली होती, ती उठलीच नाही.

पण नेत्रा तोंडच उघडेना. मी ब्रश घेऊन मागे, ती पलंगाखाली. शेवटी दमून मी माझी कवळी काढली आणि घासत बसलो. ती धावत आली.

"आबा, मी घासणार!"

तिने असा जोर लावला की कवळी सटकून बादलीत! मी बोळक्या तोंडाने ओरडलो, तर नुसती फुसफुस. पोर हसून हसून लादीवर लोळली. तोंड सताड उघडं. मी ब्रश आत घातला.

तेव्हापासून आधी माझी कवळी, मग तिच्या दाढा.

"बाबा, काय दंगा लावलाय! खालच्या मजल्यावरचे वर येतील ना!" मानसी ओरडते. आणि स्वतःच हसते.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "आ कर बघू."

"आधी तुझे काढ."

"माझे निघत नाहीत गं."

"मग आबांचे!"

काढली. काय करणार? नेत्राने ती टिश्यूने पुसली, मग खुशाल आ केलं. डॉक्टर हसू दाबत आत बघत होत्या.

"दाढा वाचल्यात, आजोबा. एकीत बारीक खड्डा आहे. भरून टाकू, भूल नको."

मी कवळी हातात घेऊन एवढ्या मोठ्याने हसलो की बाहेरचे पेशंट डोकावले. नेत्राने त्यांनाही आ करून दाखवलं. ते बघायला वनमाला हवी होती.

ती एक दाढ भरायची अजून राहिली आहे, पुढच्या खेपेला कवळी घेऊन जायचंय.