पाठ धरलीय

तिने संडासाची कडी आतून दोनदा तपासली आणि टेस्टची पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर आडवी ठेवली. पाळी चुकून अकरा दिवस झाले होते. नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. मागच्या दोन्ही वेळी पहिल्याच आठवड्यात घरभर बातमी झाली होती. दुसऱ्या वेळी तर सासूबाईंनी लोकर आणून टोपी विणायलाही घेतली होती. दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आतच सगळं आटोपलं. या वेळी कुणाला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

दारावर टकटक झाली.

"अगं, गुडघ्याचा पेशंट टेबलावर घेतलाय," बाहेरून मास्तर म्हणाले. एक्स-रे विभागातले ते सगळ्यात जुने. डॉक्टरसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत.

"आले."

पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती, अगदी पुसट. तिने पट्टी उजेडाकडे धरली, तिरपी करून पाहिली. रेघ होतीच. आनंद व्हायला हवा होता. ती नुसतेच दिवस मोजत राहिली.

शिशाच्या काचेमागे उभं राहिलं की किरणांनी काही होत नाही, हे नव्या मुलींना तीच सांगायची. आज मात्र मशीनच्या खोलीच्या दारातच तिचे पाय अडले.

"मास्तर, एवढा फोटो तुम्ही काढाल? माझी पाठ धरलीय."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. तिचा हात पोटावर होता. तिने तो चटकन खाली घेतला.

ते आत गेले. फोटो काढून आले, भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता उतरवला आणि मशीनपुढचं तिचं नाव खोडून रिपोर्टच्या खिडकीपुढे लिहिलं. पूर्ण महिन्यासाठी.

"अहो, दोन दिवसांत बरं वाटेल मला."

"आमच्या लेकीचीही अशीच पाठ धरली होती," तक्ता खिळ्याला अडकवत ते म्हणाले. "बरेच दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही."

"मग?"

"मग तिनेच सांगितलं. एकटीला झेपेना म्हणाली."

खिडकीशी बसून तिने रिपोर्टचे लिफाफे उगाचच सारखे केले. मग नवऱ्याला फोन लावला.

"काय गं, काही झालंय का?" कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे.

"हो. बहुतेक. अकरा दिवस झालेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग दार लोटल्याचा आवाज आला.

"बसलीयस ना?" तो हळूच म्हणाला.