अजिबात नाही ते पूर्णपणे

"'मी आजही पूर्वीचीच व्यक्ती आहे.' एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे," पाहणीला आलेली मुलगी कागदावरून वाचत म्हणाली.

"दोन लिहा," मुलगा म्हणाला.

सिस्टरने मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिलं. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यामुळे अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणे. संधिवाताने बोटं वाकवली, साखरेने पायाचा अंगठा नेला, तरी ते नाव टिकलं होतं. जुनाट आजार असलेल्या म्हाताऱ्यांना स्वतःविषयी काय वाटतं, हे मोजायला दवाखान्याने या मुलीला घरोघर धाडलं होतं. पोर भली होती. पण प्रश्न वाचून झाला की तिची नजर मुलाकडेच जाई.

"'माझे निर्णय मीच घेते.'"

"एक. इन्सुलिन मीच टोचतो. फ्रिजमध्ये कुलपाच्या डब्यात असतं."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"खोड ते!"

"आई, अगं..."

"खोड म्हटलं ना! प्रश्न कुणाला विचारलाय? मी काय भिंत आहे?"

मुलीचं पेन थांबलं. मुलगा आवाज खाली आणत म्हणाला, "गेल्या महिन्यात एकाच जेवणाआधी तू दोनदा टोचून घेतलंस. मोरीत पडलेली सापडलीस मला."

"चुकले. हजारो सुया टोचल्या आयुष्यात, एकदा चुकले. तू गणितात दोनदा आपटलास, तेव्हा तुझी पुस्तकं कुलपात घातली होती का मी?"

"मला भीती वाटते गं."

हे तो पहिल्यांदाच बोलला होता. पण तिचा राग उतरला नाही, उलट आता तो नेमका कशाचा हे तिला कळलं.

"मग भितोस असं सांग की लोकांना. मी संपले असं काय सांगतोस?"

तिने कागद ओढून घेतला. दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये पेन धरून मुलाची सगळी उत्तरं एकेक करून खोडली आणि स्वतःची लिहिली. मुलगी मदतीला वाकली, तर म्हणाली, "बस गं तू. तुला घाई असली तर उद्या ये."

अर्धा तास गेला. मुलगी गेल्यावर मुलाने गाडीच्या किल्ल्यांतून डब्याची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. तिने आभार मानले नाहीत. स्वतःच्याच वस्तूचे आभार कसले मानायचे?

संध्याकाळी जेवणाआधी ती खुर्चीत ताठ बसली. बाटली प्रकाशाकडे धरली, खुणेपर्यंत औषध ओढलं, पुन्हा पाहिलं. एवढ्याला दहा मिनिटं लागली. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"आत येऊ?" त्याने विचारलं.

"थांब तिथेच," सिस्टर म्हणाली, आणि पदर बाजूला सारून पोटावर जागा शोधू लागली.