पुतळाची हाक

तेजसनं माऊसची कळ दाबली आणि गाण्यातली ढोलकी तेवढी खोलीत उरली. बाकीचं सगळं गप्प झालं.

"ऐक आजी, काय हात आहे या माणसाचा! आपण इतकी वर्षं ह्याच्यावर नुसते नाचलो. कोण होता हा?"

"गंगाराम. उरनचा," रंजिता म्हणाली. "बोटांना चिकटपट्टी गुंडालून वाजवायचा. गेला तो."

वाशीतला तो स्टुडिओ म्हणजे एका खोलीचा गाळा. भिंतींना काळा स्पंज, एसीचा गारठा. ढोलकी स्पीकरमधून नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून वाजत असल्यासारखी वाटत होती. रंजितानं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

तेजसनं ढोलकी बंद केली आणि क्लॅरिनेट उघडलं. एकटं क्लॅरिनेट इतकं रडवं असेल असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. गाण्यात ते खाली, पाण्यासारखं वाहायचं.

"आणि हा?"

"गोव्याचा व्हता. नाव नाय म्हाईत. बूट भायेर काडून नुसत्या मोज्यांवर उभा ऱ्हायचा, पायाचा आवाज नको म्हनून."

कॅसेटच्या कव्हरवर यातल्या कुणाचंच नाव नव्हतं. मुख्य गायकाचा फोटो होता आणि मागं रंगवलेली होडी. गाणं मात्र खाडीकाठच्या प्रत्येक गावानं आपलं मानलं. बांधावर उभी राहून एक बाई न आलेल्या होडीची वाट बघते, एवढीच त्याची गोष्ट. शेवटी शब्द संपतात आणि ती नुसती हाक मारते. ती लांबच लांब हाक लागली की हळदीच्या मांडवात नाचणारेसुद्धा क्षणभर थांबायचे. म्हातारी माणसं म्हणायची, "पुतलाचा आवाज."

पुतळा म्हणजे रंजिताची थोरली बहीण. समोर सोफ्यावर, मांडीवर बांगड्यांची पिशवी घेऊन बसलेल्या उन्नतीची आई. तेजस उन्नतीचा मुलगा. परवा त्याच्या बहिणीची, भाविकाची, हळद होती. पहिली हळद लावायला सख्खी आजी हवी. ती नाही, तर निदान तिचा आवाज असावा, असं उन्नतीच्या मनानं घेतलं होतं. जुन्या गाण्यातून एकेक आवाज सुटा करता येतो हे तेजसनं सांगितल्यापासून तिला धीर नव्हता. रंजिताला तिनं ओढूनच आणलं होतं.

"आता आईचा लाव," उन्नती म्हणाली.

रंजितानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मघापासून एकेक मेलेला माणूस उठून खुर्चीवर येऊन बसत होता. आता पुतळाची पाळी होती.

गाणं झालं त्याच वर्षी पुतळा काविळीनं गेली. उन्नती तेव्हा तीन वर्षांची. दिवसकार्याला घर माणसांनी भरलं होतं आणि पोर "आई कुटं हाय" म्हणून आक्रोश करत होती. कुणाच्या कडेवर ठरेना. तेवढ्यात मागच्या आळीत कुणीतरी ती कॅसेट लावली. हाक आली तशी पोर एकदम गप्प झाली आणि कान देऊन ऐकू लागली. "आईच हाय ना?" तिनं विचारलं. रंजिता म्हणाली, "हो बाय. आईच हाय."

गावात नाव होतं ते पुतळाच्याच गळ्याचं. मुंबईला स्टुडिओत गेल्या होत्या त्या दोघी बहिणीच. कुणाला खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर रंजिता गायली नाही. लग्नातली गाणी, धवले म्हणायला बोलावणं आलं की घसा धरून बसायची. एकदा तोंड उघडलं असतं तर पोरीनं ओळखलं असतं. आणि ते खोटं असं मुरलं, की पुढं पुढं तिन्हीसांजेला लांबून ती हाक आली तर तिच्याच अंगावर काटा यायचा. बहीण आपला गळा घेऊन गेली आणि आता त्यातून आपल्यालाच बोलावते आहे, असं वाटायचं. मग ती दारं लावून घ्यायची.

तेजसनं कळ दाबली.

हाक आली. भोवती ढोलकी नाही, क्लॅरिनेट नाही. खोल तळातून उठलेली, वर चढत गेलेली, वर पोचल्यावर किंचित थरथरलेली. उन्नतीनं तोंडाला ओढणी लावली. रंजिता खाली फरशीकडे बघत राहिली.

"थांब," तेजस म्हणाला. त्यानं गाणं थोडं मागं नेलं. "हाकेच्या आधी कुणीतरी कुजबुजलंय. क्लॅरिनेटखाली दबलं होतं. खोकलाही आहे. हे मी साफ करून टाकतो, म्हणजे हाक कशी स्वच्छ येईल."

त्यानं आवाज वाढवला. आधी खरखर, मग एक कोरडा खोकला आणि मग बसलेल्या घशातून, अगदी माईकच्या मागून आल्यासारखं:

"घे गो. आता तू."

तेजसचा हात माऊसवर गेला.

"पुसू नको!"

रंजिता उभी राहिली होती. आपण कधी उठलो ते तिला कळलं नव्हतं.

"का गं मावशी?" उन्नती म्हणाली.

"पुसू नको त्याला. ती तुजी आई हाय."

उन्नतीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, मग रंजिताकडे.

"मग हाक मारते ती कोन?"

रंजिता पुन्हा खाली बसली. तिनं हात पोटाशी धरले.

"तिला ताप व्हता," ती म्हणाली. "गला बसलेला. सगले वाजवनारे खोलंबलेले. मंग तिनं मना माईकम्होरं लोटलं." मग म्हणाली, "ती गेली तवा तू लय रडत व्हतीस गो. गप र्‍हायनास."

उन्नती रडली नाही, रागावलीही नाही. पिशवी मांडीवरून उचलून तिनं बाजूला ठेवली.

"भाविकाला निजवताना मी हेच लावायची," ती म्हणाली. "आजीजवळ झोप, म्हनायची."

तेजस दोघींकडे न बघता पडद्याकडे बघत बसला. उन्नतीनं टेबलावरचा हेडफोन उचलून कानांवर चढवला.

"तेवढंच लाव. हाक नको."

त्यानं लावलं. पुन्हा लावलं. उन्नती बोटानं खूण करायची आणि तो पुन्हा लावायचा. रंजिताला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होते ते फक्त उन्नतीचे ओठ. बोलायला शिकणाऱ्या पोराचे हलावेत तसे ते हलत होते. त्या दिवशी स्टुडिओत पाठीला लागलेला हात रंजिताला आठवत होता, तापानं चटका बसेल असा. शब्द आठवत नव्हते. कानावर हेडफोन होता, समोर काचेपलीकडून माणसं खुणा करत होती. ते शब्द तिनं ऐकलेच नव्हते.

बऱ्याच वेळानं उन्नतीनं हेडफोन उतरवला. ओढणीच्या टोकानं तो पुसला आणि रंजिताच्या पुढं धरला.

"तू ऐक," ती म्हणाली. "मला नाय बोलत ती. तुला बोलते."

रंजितानं हेडफोन घेतला. केस मागं सारून सावकाश कानांवर बसवला. तेजसनं मान वळवून नजरेनंच विचारलं, लावू?

तिनं मान हलवली. खरखर आली, मग तो खोकला. आणि पुढचे शब्द यायच्या आतच रंजिताची छाती हाक घालायच्या श्वासानं भरून वर आली.