माणिकबाईंच्या विहिरीचा नमुना

'निवळणे' हे क्रियापद माणसे फार सैलपणे वापरतात. पाणी निवळले म्हणजे ते शुद्ध झाले, असे ती धरून चालतात. तसे नाही. भांडे स्थिर राहिले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ दिसते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. तुरटी फिरवली तर हे काम लवकर होते. पाण्यात जे होते ते भांड्यातच असते; पण वरचे तेवढे ओतून घेतले, तर खाली काय राहिले ते कोणालाच कळत नाही. हा भेद आधी सांगितल्यावाचून माझी कथा सांगता येणार नाही.

मी पाण्याचा नमुना नेण्याची बाटली आहे. एक लिटर मापाची, रुंद तोंडाची, जाड दुधी प्लास्टिकची. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. भरायचे, झाकण लावायचे, मोहर करायची आणि अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

माझी मालकीण साधना. मी तिची होते, म्हणून एकेरीत बोलते. अकोल्याहून तासाभराच्या अंतरावर एक लहान नगरपरिषद आहे. तिथे ती पर्यावरण विशेषज्ञ होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर त्या पदापुढे कंसात 'कंत्राटी' असे छापले होते. रोज सकाळी जठारपेठेतल्या खोलीला कुलूप लावून ती बस पकडायची. पिशवीत मी, नोंदवही आणि पोळीचा डबा. डबा पुष्कळदा तसाच परत जायचा.

गावाबाहेरच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक, जमिनीवर नगरपरिषदेचा कचरा डेपो आहे. त्याला लागून खुशालराव आणि माणिकबाई यांचे शेत. वांगी, मेथी, झेंडू. सगळी मदार बांधावरच्या एका विहिरीवर. दोन वर्षांपासून मोठा पाऊस झाला की कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी त्या विहिरीत उतरत होते. वांग्याची रोपे कडेने करपत होती. आणि आता डेपो आणखी सहा एकर वाढवण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येणार होता. साधनाने त्याविरुद्ध चार टिपण्या लिहिल्या. प्रत्येक टिपणीवर एकच शेरा परत आला : 'पुरावा जोडावा.'

पुरावा विहिरीत होता, पण थांबत नव्हता. काळे पाणी पहाटे दिसायचे. साधना सकाळच्या बसने पोचेपर्यंत निवळून जायचे. तीनदा ती मला घेऊन धावली आणि तीनदा रिकामी परतली. शेवटी श्रावणात तिने मला माणिकबाईंच्या हाती दिले.

"रात्री मोठा पाऊस झाला की पहाटे विहिरीत बघा. पाणी काळं दिसलं की तेव्हाच ही भरायची. झाकण घट्ट लावायचं अन् मले फोन करायचा."

"भरतो ना मॅडम. तुमी काही फिकर करू नका."

माणिकबाईंनी मला देवघरात ठेवले. खुशालरावांना हसू आवरेना. "अवं, सरकारची बाटली आहे थे. तिले हळदीकुंकू काहून लावून राहिली?"

"तुमच्या हाती पडली तं तुमी फवारनीचं औषध भरसान तिच्यात."

पाचव्या दिवशी पाऊस झाला. पहाटे माणिकबाईंनी बादली ओढली. पाणी चहाच्या चोथ्यासारखे काळपट, वर फेस, आणि वास असा की त्यांनी पदर नाकाला लावला. मी बादलीशेजारी वाट पाहत होते. त्या क्षणी मला बुडवले असते, तर ही कथा मला सांगावी लागली नसती.

पण वऱ्हाडातली बाई परक्याला गाळल्यावाचून पाणी देत नाही. पाहुणा असो, वाटसरू असो, नाहीतर अमरावतीची प्रयोगशाळा.

"हे असं पानी पाठवू?" त्या म्हणाल्या. "थ्या लोकाईनं म्हनावं का, इथच्या बाया पानी बी गाळत नाहीत?"

"अवं, मॅडमले तं काळंच पायजे होतं."

"जहर असन तं मशीनले दिसनच. कचरा काहून पाठवू? काड्या-चोथा कोनी तपासते का?"

खुशालरावांनी जरा विचार केला. बोलणे त्यांना पटले असावे. "कर बापा तुह्या मनानं," म्हणून ते म्हशीकडे गेले.

माणिकबाईंनी मला चुलीच्या राखेने घासले, गरम पाण्याने विसळले, उन्हात पालथे ठेवले. पेटीतले नवे धोतराचे फडके काढून त्याची चौपदरी घडी केली आणि पाणी गाळले. मग तुरटी फिरवली. पाणी निवळेपर्यंत पातेल्याशी कोणाला फिरकू दिले नाही. नंतर वरचे नितळ पाणी हलक्या हाताने माझ्यात ओतले, झाकण लावले आणि फोन केला : "भरली मॅडम!" मला ओरडायचे होते. बाटलीला ओरडता येत नाही.

साधना आली. तिने मला हातात घेतले, पण उघडले नाही. तिचा नियम होता : उघडलेला नमुना हा नमुना राहत नाही. दुसरे कोणी असते तर त्याने डोकावून पाहिले असते. तिचा काटेकोरपणाच तिला नडला.

अर्जात एक रकाना होता, 'नमुना घेणाऱ्याचे नाव व पद'. तिथे तिची लेखणी अडखळली. शेतकऱ्याच्या हातचा नमुना प्रयोगशाळा स्वीकारत नाही, हे तिला ठाऊक होते. पुढचा मोठा पाऊस सभेआधी येईल याची शाश्वती नव्हती. तिने स्वतःचे नाव लिहिले आणि सही केली. शब्दाला इतकी जपणारी बाई आयुष्यात एकदाच खोटा शब्द लिहून बसली. मग बर्फाच्या डब्यात घालून तिने मला त्याच दिवशी अमरावतीला पोचवले.

अहवाल बंद पाकिटात थेट कार्यालयात आला आणि सभेतच उघडला गेला. सगळे मर्यादेत. क्षार तेवढे चढे. मुख्याधिकारी हसून म्हणाले, "क्षारांचं काय घेऊन बसता मॅडम, हा खारपाणपट्टाच आहे. अन् नमुना तुम्ही स्वतः घेतलाय. आता तरी खात्री पटली ना?"

ठराव मंजूर झाला. प्रयोगशाळेने मला धुऊन परत पाठवले होते. त्या संध्याकाळी साधनाने मला पिशवीत टाकले आणि ती बसस्थानकाऐवजी चालत शेतावर गेली.

माणिकबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "काय निघालं मॅडम आमच्या पान्यात?"

"काही निघालं नाही, माणिकबाई. माझंच काहीतरी चुकलं."

"तुमचं काय चुकन? बाटली तं म्या भरली. चांगली गाळून, तुरटी फिरवून भरली."

साधनाचा हात माझ्या गळ्याशी थांबला. तिने अगदी हळू विचारले, "कशानं गाळलं?"

माणिकबाईंना वाटले, मॅडमला स्वच्छतेची शंका आली. त्या घाईने म्हणाल्या, "नवं फडकं होतं मॅडम! धुतलेलं."

"बरं केलं," साधना म्हणाली.

खुशालराव शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत तिला पोचवायला आले. गाळल्यानेच नमुना वाया गेला, हे त्यांना उमगले होते. वळताना त्यांनी हात जोडले. "मॅडम, तिच्यापाशी हे बोलू नका. थे अन्न सोडीन."

साधनाने मान हलवली, आणि त्या एका होकारात तिने आपला बचाव कायमचा गमावला. नमुना कोणी भरला हे सांगायचे, तर माणिकबाईंचे नाव घ्यावे लागणार होते, आणि मग ते त्यांच्या कानी गेलेच असते.

आठ दिवसांनी पुन्हा पाऊस झाला. आदल्या संध्याकाळचे आभाळ पाहून साधना त्यांच्याच ओसरीवर मुक्कामाला राहिली होती. पहाटे तिने स्वतः विहिरीत दोर सोडला. या खेपेस माझ्यात काळे पाणी आले, जसेच्या तसे. फेरतपासणीला कार्यालयाचे पत्र लागते. ते मागायला ती मुख्याधिकाऱ्यांपुढे उभी राहिली.

"आधीचा नमुना चुकीचा होता म्हणता. मग त्यावरची सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे खोटी सही केलीत?"

माणिकबाईंचे नाव तिने घेतले नाही. पत्र मिळाले नाही. कंत्राट संपल्यावर नवे निघाले नाही. जाताना तिने मला कपाटावर ठेवले. माझ्यावर चिठ्ठी होती : 'तपासणे बाकी'. दोन महिन्यांनी वास सुटला, तेव्हा शिपाई नत्थुजींनी मला मोरीत उपडे केले. त्या विहिरीचा एकमेव खरा नमुना कार्यालयाच्या मोरीतून वाहून गेला. तो काय होता, हे तिथे फक्त मला ठाऊक होते.

आता माझ्यात फिनेल असते. डेपोचे कुंपण विहिरीपर्यंत आले आहे. वांगी, मेथी, झेंडू सगळे गेले. खुशालराव पावसाच्या भरवशावर सोयाबीन पेरतात, आणि माणिकबाई पिण्यासाठी विकतच्या पाण्याचा कॅन डोक्यावरून आणतात. तेही पाणी त्या गाळून घेतात, असे ऐकते. साधना कुठे आहे, मला माहीत नाही.

फरशी पुसताना नत्थुजी प्रत्येक नव्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हेच थे बाटली. पक्की नोकरी लागन म्हनून मॅडमनं इच्यात नळाचं पानी भरलं. अन् मंग तिलेच काढलं पाह्य!" ऐकणारे हसतात. गावात हीच कथा चालते.

ती चुकीची आहे. ज्यांना माझा आवाज पोचतो त्यांच्यापाशी एवढेच मागणे आहे, की ही कथा सांगायची तर नीट सांगा. ते पाणी नळाचे नव्हते, त्याच विहिरीचे होते. ते साधनाने भरले नव्हते. आणि त्या विहिरीची कोणालाच पर्वा नव्हती, असे सांगून काही लोक जे उसासे टाकतात, ते तर सर्वांत खोटे. दोन बायकांना तिची पर्वा होती. एकीने पाणी चौपदरी फडक्यातून गाळले आणि दुसरीने नमुना जपण्यासाठी झाकण उघडले नाही.