चाळीस आदणांचा हात

मी दिलदार, गुळव्या. गुऱ्हाळात उकळता रस नेमका कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. तीस वरसं झाली, पाकाची गोळी गार पाण्यात वळायची अन् "ओढा!" म्हणून वरडायचं. जरा आधी वरडलं तर ढेप मऊ, उशीर झाला तर करपट.

यंदा हंगामाच्या सुरवातीलाच तीन आदणं, म्हणजे तीन मोठ्या काहिली भरून रस, बिघडली. मालक आकाराम तोंडावर म्हणाला, "भाई, हात गेला तुमचा. दुसरा गुळव्या बघतो."

माझं डोसकंच फिरलं. "हात गेला? सिद्ध कर की!"

त्याची लेक निशिगंधा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. ती मधी पडली. "भांडू नका. चाचांचा हात पहिल्यासारखाच हाय, असं धरून चालू. आधी किती बिघडायची?"

"इसात एक," आकाराम म्हणाला.

"मग चाळीस आदणं बघायची. पाच किंवा जास्त बिघडली तर हात गेला म्हणायचं. हे आत्ताच ठरवायचं, मागनं सोयीनं न्हाय."

"इसावर आटपू की," मी म्हणालो.

"चाचा, चुका दोन हायत. हात चांगला असून नशिबानं पाच बिघडली, तर आपण तुम्हाला उगंच घालवणार. ते चाळिसात शंभरातनं पाच वेळा घडंल. अन् हात खरंच गेलेला, पाचात एक बिघडवणारा, तरी तुम्ही पास. ते शंभरातनं आठ वेळा. इसावर आटपलं अन् पहिली चूक टाळायला चारची हद्द ठेवली, तर दुसरी चूक शंभरातनं चाळीस वेळा!"

मला सगळं कळलं न्हाय, पण पोरगी लबाडी करत न्हाय एवढं कळलं. "चालतंय," म्हणालो.

काम सुरू झालं. ती थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहायची, मला दाखवायची न्हाय. दुसऱ्या दिवशी ढेप फोडून बघायची. तीन दिवसांत बारा आदणं झाली, एकबी बिघडलं न्हाय. मी तर मिशीला पीळ देत हिंडत होतो.

चौथ्या दिवशी ध्यानात आलं. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालणारा गुंडू, माझा जुना सोबती, दर टायमाला ओढायच्या जरा आधी खोकतोय. त्याच्या जागेवरनं थर्मामीटर दिसत होतं.

"गुंड्या! खोकला झालाय व्हय तुला?"

"भाई, तुमच्यासाठीच की..."

"माझ्यासाठी? आरं, माझा हात चालतोय का तुझा घसा, हे कुणाला कळायचं?" असा तापलो की चुलवाण गार वाटावं. मग निशिगंधाला म्हणालो, "बाई, बाराच्या बारा खोड. पहिल्यापासनं धर." तिनं पान फाडलं अन् गुंडूला पलीकडं बसवलं.

आता खरी कसोटी. सातवं बिघडलं. एकोणिसावं बिघडलं. सव्वीस अन् एकतीस, चार झाली! पुढची नऊ आदणं मला झोप न्हवती. चाळिसाव्याला गोळी दोनदा वळून बघितली, मनात म्हणालो, या अल्ला, अन् "ओढा!"

सकाळी निशिगंधानं शेवटची ढेप फोडली. कणीदार, पिवळीधमक.

"चार," ती म्हणाली. "हात गेला असं सिद्ध झालं न्हाय. पण चाचा, हात पहिल्यासारखाच हाय, असंबी सिद्ध झालेलं न्हाय."

"म्हणजे मी ऱ्हातो का जातो?"

"ऱ्हाता की!" आकाराम हसला. "भाई, खरं सांगू? मी हिला गुपचूप म्हणालतो, पाचाची सहा कर. माणूस उगं दुखावायला नको. ऐकली न्हाय."

"सहा केली असती तर गेलेला हात पास व्हायची भीती दुप्पट झाली असती," निशिगंधा म्हणाली. "मग ती परीक्षा न्हाय, सत्कार."

मला लई आनंद झाला. आकारामनं माझी दया केली असती, ह्या पोरीनं माझी किंमत ठेवली. घरी गेलो. दारातच बायकोनं, रोशनबीनं, इचारलं, काय झालं. मी आधी चार बिघडली ते सांगितलं, मग पास झालो ते.